काच फुटली की डिस्प्ले गेला?

नागपुरात मोबाईलची काच फुटली की माणूस बर्डीची वाट धरतो. मानेवाडा असो की जरीपटका, घराजवळ रिपेअरिंगचे एखादे दुकान असतेच. पण चार ठिकाणी भाव विचारायचा असेल, पार्ट लगेच मिळायला हवा असेल आणि संध्याकाळपर्यंत फोन हातात यायला हवा असेल, तर सीताबर्डीच्या ‘मोदी नंबर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांना पर्याय नाही, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत आहे. या गल्ल्यांमधल्या काउंटरवर फोन ठेवला की पलीकडचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘काय गेलं?’ आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे त्याचे एकच उत्तर असते, ‘स्क्रीन फुटली.’ हे उत्तर अपुरे आहे आणि त्या अपुरेपणाची किंमत आपण पैशांत मोजतो. स्क्रीन म्हणून आपण ज्या एका वस्तूकडे बोट दाखवतो तिचे थर निरनिराळे आहेत, त्यांपैकी कोणता थर गेला यावर खर्च हजार-अकराशेत बसणार की पाच-सहा हजारांवर जाणार हे ठरते, आणि म्हणूनच दुरुस्ती स्वस्तात होणे हे घासाघीस करण्याच्या कौशल्यापेक्षा या माहितीवर अधिक अवलंबून असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत माझ्या भाच्याच्या फोनमुळे झाले. तो मूळचा पुसदकडचा. एमपीएससीच्या तयारीसाठी नागपुरात खोली करून राहतो. त्याच्या वयाच्या मुलांसाठी फोन ही चैनीची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अशा एखाद्या खोलीत जाऊन पाहावे. व्याख्याने फोनवर, सराव परीक्षा फोनवर, मेसचे पैसे फोनवरून, हॉलतिकीट फोनवर, आणि ज्या ओटीपीशिवाय कोणताही अर्ज पुढे सरकत नाही तो ओटीपीही फोनवरच. अभ्यासिकेच्या जिन्यात त्याचा फोन कोपऱ्यावर पडला आणि वरच्या डाव्या बाजूपासून खालपर्यंत जाळे पसरले. ‘मामा, आता नवीनच घ्या लागते का?’ हा त्याचा प्रश्न मला लागला, कारण त्याचे वडील कापूस पिकवतात आणि पंधरा-अठरा हजारांचा फोन ही त्या घरात सहज घेतली जाणारी वस्तू नाही. फोन अजून चालत होता. चित्र दिसत होते, बोटाला प्रतिसाद मिळत होता. मग नवीन कशासाठी, असे मला वाटले आणि मी त्याच्यासोबत निघालो.

आधी त्या थरांविषयी लिहितो. सर्वांत वर असते ती कव्हर ग्लास, म्हणजे आपले बोट जिला प्रत्यक्ष स्पर्श करते ती काच. तिच्याखाली पारदर्शक गोंदाचा एक अत्यंत पातळ थर असतो, ज्याला या धंद्यात ‘ओसीए’ म्हणतात. त्याच्याखाली स्पर्श ओळखणारा थर आणि मग चित्र उमटवणारे पॅनेल, मागून प्रकाश लागणारे एलसीडी किंवा स्वतःच प्रकाश देणारे ॲमोलेड. जुन्या फोनमध्ये ‘टच’ हा स्वतंत्र भाग काचेला चिकटलेला असे, त्यामुळे काच फुटली की टचही जाई आणि नुसता टच बदलून मिळे. आजच्या बहुतेक ॲमोलेड फोनमध्ये स्पर्शाचा थर पॅनेलमध्येच सामावलेला असतो, म्हणजे वरची काच ही खरोखर फक्त काच उरली आहे. ती फुटली तरी खालचे सगळे शाबूत असू शकते. ही एक गोष्ट जरी लक्षात ठेवली तरी पुष्कळ पैसे वाचतात.

ही काच साधी नसते. २००७ साली पहिला आयफोन बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी कॉर्निंग या अमेरिकी कंपनीने जी काच पुरवली, तीच पुढे गोरिला ग्लास या नावाने सर्वतोमुखी झाली. अशी काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात, सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाला बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात; अपुऱ्या जागेत दाटीने बसल्यामुळे पृष्ठभाग सतत दाबाखाली राहतो आणि हा दाब चरा उघडू देत नाही. मात्र हा दाबलेला थर मिलिमीटरच्या अगदी लहानशा अंशाइतकाच जाड असतो. त्याहून खोल ओरखडा गेला की पुढच्या धक्क्याला काच तिथूनच तडकते. काचेची प्रत्यक्ष ताकद तिच्यातल्या सूक्ष्म चिरांवर ठरते, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले होते, आणि खिशातल्या फोनलाही तेच लागू पडते. हे ओरखडे किल्ल्यांमुळे पडतात असा आपला समज असतो. परंतु लोखंडी किल्लीपेक्षा वाळूचा कण कितीतरी अधिक कठीण असतो. नागपुरात मेट्रोची, उड्डाणपुलांची आणि सिमेंट रस्त्यांची कामे वर्षानुवर्षे चालू आहेत, उन्हाळ्यात तर सगळ्या शहरावर धुळीची साय असते. पँटच्या खिशात साचलेली ती बारीक वाळू काचेवर रोज काम करत असते. फोन अनेकदा पडून काही झाले नाही आणि एके दिवशी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून फुटला, याचे कारण बहुधा असे आधीच तयार झालेले असते.

तर, काय गेले हे ओळखायचे कसे? फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवावा आणि एक पांढरे, एक काळे असे चित्र लावून नीट पाहावे. भेगा सोडल्या तर चित्र सलग असेल, रेषा नसतील, डाग नसेल, तर पॅनेल ठीक आहे. मग एखाद्या आयकॉनवर बोट दाबून ठेवून ते पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरवावे; कुठेही ते सुटले नाही तर टचही ठीक आहे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये डायलवर *#०*# दाबले की रंगांची आणि स्पर्शाची तपासणी करणारी यादीच उघडते. याउलट शाई सांडल्यासारखा काळा-जांभळा डाग दिसत असेल, हिरवी किंवा गुलाबी रेघ उभी राहिली असेल, किंवा पडदा काही भागात आंधळा झाला असेल, तर पॅनेलला इजा पोहोचली आहे. ॲमोलेडमधला असा डाग जागच्या जागी राहत नाही. आतल्या सेंद्रिय पदार्थांना हवा आणि ओलावा अजिबात चालत नाही, त्यांचे आवरण फुटले की डाग दिवसागणिक वाढत जातो. म्हणून डाग दिसला की भाव विचारायच्या आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्यावा. टच पूर्ण गेला असेल आणि चित्र दिसत असेल, तर ओटीजी केबलने संगणकाचा साधा माऊस फोनला जोडता येतो. पडद्यावर बाण उमटतो आणि लॉक उघडून हवे ते काढून घेता येते. भूतबाधा झाल्यासारखा फोन आपोआप चालू लागला, स्वतःच फोन लावू लागला, तर मात्र तो बंद करून ठेवलेला बरा, कारण तीन वेळा चुकीचा पिन आपोआप पडून बँकेचे ॲप अडकल्याचे मी पाहिले आहे.

भाच्याच्या फोनला डाग नव्हता आणि रेघही नव्हती. तरीही आम्ही ज्या पहिल्या दुकानात गेलो तिथे फोनकडे ओझरते पाहून सांगण्यात आले की डिस्प्लेच गेला आहे, पूर्ण फोल्डर, म्हणजे काचेसह अख्खा डिस्प्ले, बदलावा लागेल, चार हजार आठशे. जुना डिस्प्ले दुकानातच राहील, हेही त्याच वाक्यात सांगून झाले. आम्ही फोन उचलला. अधिकृत सेवा केंद्रात त्याच फोनचा अंदाज जीएसटी धरून साडेसहा हजारांच्या घरात होता, आणि तिथे फक्त काच बदलली जात नाही, संपूर्ण डिस्प्लेच बदलतात, असे स्पष्टपणे सांगितले गेले. दोन वर्षे वापरलेला हा फोन तशाच स्थितीत विकायचा म्हटला तरी सात-आठ हजारांपलीकडे गेला नसता. दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला की थांबून विचार करावा, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे, आणि साडेसहा हजार त्या नियमात बसत नव्हते.

गल्लीच्या आतल्या बाजूच्या एका लहान दुकानातल्या कारागिराने मात्र फोन हातात घेऊन आधी पुसला. मग तिरका धरून दिव्याखाली पाहिला, पांढरा पडदा लावला, अंगठा कडेकडेने फिरवला. ‘भाऊ, डिस्प्ले तं चालून राहिला तुमचा. काचच गेली फक्त. ग्लास चेंज करून देतो, अकराशे लागन. पण मशीनवर पॅनेल गेलं तं रिस्क तुमची, ते आधीच सांगून ठेवतो.’ हे शेवटचे वाक्य ऐकून भाचा माझ्याकडे पाहू लागला. मला मात्र त्याच वाक्यामुळे त्या माणसाविषयी विश्वास वाटला. काच काढताना पॅनेल जाण्याचा धोका खरोखरच असतो. कडा वळवलेल्या फोनमध्ये तो अधिक, सपाट फोनमध्ये कमी. जो हा धोका बोलून दाखवतो तो काम जाणतो. आम्ही समोर बसून काम पाहू देण्याची अट घातली आणि त्याने आनंदाने स्टूल पुढे सरकवले.

ते काम मी बारकाईने पाहिले आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून त्याने आमच्या हातात दिले. मागचे झाकण गरम करून उघडले आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हे जो आधी करत नाही त्याच्याकडून फोन परत घ्यावा, असे मी म्हणेन. मग डिस्प्ले फ्रेममधून मोकळा करून त्याने तो सेपरेटर मशीनच्या गरम पाटीवर ठेवला. खालून हवा ओढून मशीन डिस्प्लेला घट्ट धरून ठेवते आणि उष्णतेने गोंद मऊ होतो. तो मऊ झाल्यावर त्याने केसाहूनही बारीक अशी तार दोन्ही हातांत ताणली आणि साबणाची वडी दोऱ्याने कापावी तशी ती काच आणि पॅनेल यांच्यामधून, अगदी सावकाश, मागेपुढे करत खाली ओढत नेली. त्या वेळात तो कोणाशीही बोलला नाही. बाजूला वाजणारा फोनही त्याने उचलला नाही. तार जरा कलली तर पॅनेलवरच्या पोलरायझरच्या पातळ फिल्मवर चरा पडतो, आणि तो चरा मग कायमचा पडद्यावर दिसत राहतो. फुटलेली काच निघाली तेव्हा खाली ओलसर चमकणारे, एकही ओरखडा नसलेले पॅनेल दिसले आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून ‘वा’ निघाले.

त्यानंतरचा खरा शत्रू धूळ. जुना गोंद बोटांनी गोळा करत, द्रवाने पुसत त्याने पॅनेल स्वच्छ केले. मग नवीन काच, जिला ओसीएचा थर आधीच लावलेला असतो, साच्यात बसवून दाबली आणि हवेच्या दाबाच्या पेटीत ठेवली, जिच्यात राहिलेले बुडबुडे विरून जातात. धुळीचा एक कण आत राहिला तर तिथे कायमचा ठिपका उरतो. हे सगळे बारा बाय आठच्या दुकानात, पंख्याचा वारा काउंटरकडे वळवून आणि डोक्यावर दिवा बांधून चालले होते. फ्रेमला चिकटवण्याआधी त्याने कनेक्टर जोडून फोन चालू केला आणि भाच्याला म्हणाला, ‘आता तूच पाहून घे सारं, चिकटवल्यावर मले सांगशील तं उपयोग नाही.’ भाच्याने टच पाहिला, फिंगरप्रिंट पाहिले, पुढचा कॅमेरा पाहिला, मला फोन लावून कानाशी धरल्यावर पडदा विझतो का तेही पाहिले. तपासणीची हीच वेळ योग्य असते.

आता ज्यांचे पॅनेलच गेले आहे त्यांच्याविषयी. त्यांना डिस्प्ले बदलण्यावाचून गत्यंतर नाही आणि फसवणुकीला सर्वाधिक वाव इथेच असतो. बाजारात एकाच फोनसाठी निरनिराळ्या प्रतींचे डिस्प्ले मिळतात. ‘सर्व्हिस पॅक’ म्हणजे कंपनीच्या वेष्टनात आलेला. दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल डिस्प्ले, ज्याची काच बहुधा नंतर बदललेली असते. आणि मग ‘कॉपी’, जिच्यात ॲमोलेडच्याच जातीचे ओलेडही येते आणि ॲमोलेडच्या जागी बसवायची स्वस्त एलसीडीही येते. ही शेवटची सर्वांत स्वस्त असते आणि काउंटरवर ती भडक, उजळ दिसते, त्यामुळे गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. घरी गेल्यावर काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी लवकर उतरते, आणि पडद्याखालचे फिंगरप्रिंट चालेनासे होते, कारण त्या सेन्सरला पडद्यातून आरपार पाहावे लागते आणि एलसीडीच्या मागे असलेला प्रकाशाचा थर त्याची वाट अडवतो. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये डिस्प्ले अस्सल असल्याची खात्री पटली नाही तर फोन स्वतःच तशी सूचना दाखवतो. अँड्रॉइडच्या गिऱ्हाइकाला असा आधार सहसा नसतो. कॉपी बसवणे हे पाप नव्हे. वर्षभर चालवायचा, आईला व्हिडिओ कॉलपुरता द्यायचा असा फोन असेल तर मी स्वतः कॉपीच सुचवीन. पण कॉपी बसवून अस्सलचे पैसे घेणे ही चोरी आहे, आणि ती टाळण्याचा उपाय एकच, डिस्प्लेची प्रत बिलावर लिहून घेणे. आठ-दहा हजारांच्या एलसीडी फोनच्या बाबतीत मात्र इतका विचार करण्याची गरज नसते. त्यांचा अख्खा फोल्डर इतक्या कमी किमतीत मिळतो की काच वेगळी बदलण्यात अर्थ उरत नाही.

वॉरंटीचा इथे उपयोग नाही. ती निर्मितीतल्या दोषासाठी असते, पडून फुटलेल्या काचेसाठी नव्हे. स्क्रीनचा वेगळा विमा काढला असेल तर गोष्ट निराळी, मात्र तो बहुधा नवीन फोनसोबत किंवा खरेदीनंतरच्या थोड्या दिवसांतच घ्यावा लागतो आणि दाव्याच्या वेळी काही रक्कम आपल्यालाच भरावी लागते.

फोन दुकानात सोडून जाण्याची वेळ आली तर लॉकचा पिन चिठ्ठीवर लिहून देण्याची जी सर्रास पद्धत आहे ती मला अत्यंत धोक्याची वाटते. ज्या फोनमध्ये आपले बँक खाते आहे तो उघडा करून अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच ते आहे. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ अशी सोय आहे. ती चालू केली की कारागिराला फोन तपासता येतो, पण आपले फोटो, संदेश आणि ॲप त्याच्यासमोर उघडत नाहीत. ही सोय नसेल तर समोर बसावे. लहान दुकानांतले बहुतेक कारागीर प्रामाणिक असतात, आणि प्रामाणिक माणूस समोर बसण्याला हरकत घेत नाही.

या कारागिरांना अस्सल पार्ट रास्त भावात आणि उघडपणे मिळाले तर निम्मे प्रश्न सुटतील. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पोर्टलवर कंपनीच्या सेवेची माहिती असणे वेगळे आणि गल्लीतल्या कारागिराला तिच्या गोदामातून डिस्प्ले विकत मिळणे वेगळे. हे दुसरे जोवर होत नाही तोवर कॉपीचा बाजार फोफावत राहणार. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

दुरुस्त फोनची काळजी नागपुरात थोडी अधिक घ्यावी लागते. फ्रेमचा नवा गोंद पक्का होईपर्यंत, निदान एक रात्र, फोन दाबाखाली पडू द्यावा आणि पहिल्या दिवशी खिशात कोंबू नये. पाणी रोखण्याची मूळची क्षमता दुरुस्तीनंतर तशीच राहिली आहे असे कधीही धरून चालू नये. आणि उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. बंद अवस्थेतला आयफोन ४५ अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवावा असे ॲपल सांगते, आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, तेवढे तापमान तर सावलीतच असते. उष्णतेने गोंद सैल होतो, बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी नव्या डिस्प्लेला आतून उचलते.

एक गोष्ट राहिली, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. गल्लीतल्या दुकानात डिस्प्ले बदलल्यावर जुना डिस्प्ले आपला असतो. नुसती काच फुटलेले ॲमोलेड पॅनेल ही भंगारात टाकायची वस्तू नव्हे. काच बदलून तेच ‘ओरिजिनल’ म्हणून पुन्हा विकले जाते आणि बाजारात त्याला चांगला भाव आहे. भाच्याचा फोन पेटीतून बाहेर येण्याची आम्ही वाट पाहत होतो, तेव्हा त्याच काउंटरवर डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्यांच्या फोनची काच आधीच फुटलेली होती, पडदा उत्तम दिसत होता, पण कडा वळलेल्या असल्याने ग्लास चेंजचा धोका त्यांना नको होता आणि त्यांनी पूर्ण डिस्प्ले बदलायचे ठरवले होते. मी त्यांना हळूच म्हटले, ‘ताई, जुना डिस्प्ले परत मागा, नाहीतर त्याचे पैसे वजा करायला सांगा.’ त्यांनी तसे विचारले. कारागिराने एकदा माझ्याकडे पाहिले, जुना डिस्प्ले दिव्याखाली धरून पुन्हा तपासला आणि बिलातून सातशे रुपये कमी केले.